ट्रेसिंग पेपरबद्दल आभार

सरळ रेषेवर ज्याचा काडीइतकाही विश्वास नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. राजाजीनगरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आठ वर्षांपूर्वी पुण्याहून येऊन टेकले आणि अजून टेकलेलीच आहे. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज इतका प्रवास करते म्हणून ऑफिसातले लोक मला वेड्यात काढतात. कुणी कारण विचारलंच, तर घर हवेशीर आहे असं मी सांगते. खरं कारण खालच्या मजल्यावर वेताच्या खुर्चीत बसलेलं असतं, आणि ते सांगायला गेलं तर लोक आणखीच वेड्यात काढतील.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे कानडी मुलखात आलं. घरात मराठी अजून आहे, पण इतकी वर्षं कानडी शेजार असल्यावर मराठीचं जे व्हायचं ते झालं आहे. मी खोली बघायला गेले तेव्हा लग्न झालंय का, मासे खाता का, मित्र येतात का, या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून गेले होते. त्यातलं एकही कामाला आलं नाही. "कुठून आलीस?" अण्णांनी विचारलं. पुण्याहून, मी म्हटलं. "ते कळलं गं. मधे काय काय लागलं?" मी सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशी गावं तोंडी परीक्षेला बसल्यासारखी म्हणून दाखवली. "आणि चित्रदुर्ग?" चित्रदुर्गाला मी बसमध्ये झोपले होते, हे कबूल करावं लागलं. अण्णांचा चेहरा एवढासा झाला. "मधलं विसरायचं नाही. मधल्यामुळंच तर तू अशी आलीस," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. तेवढ्यात आतून शिलाई मशीनचा आवाज थांबला आणि त्यांची बायको, सगळ्यांची अक्का, दारात येऊन म्हणाली, "घाबरू नको हो. हे गॅसवाल्यालासुद्धा हेच विचारतात."

अण्णा निवृत्त खगोलशास्त्रज्ञ आहेत, हे कळल्यावर रात्रभर गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला होता. अण्णा रात्री नऊला झोपतात. गच्चीवर ते फक्त मिरच्या वाळत घालायला जातात. ध्रुवतारा कुठे असतो असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी उत्तरेकडे अंदाजाने हात केला आणि पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. "आकाश बघायला यंत्रं आहेत की. माणसानं कागद बघावा," हे त्यांचं मत. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःच पिकल्या केसांची, परदेशातल्या एका वेधशाळेत असते. दर चार-पाच दिवसांनी ती एक आकडा पाठवते. सकाळची कॉफी झाली की अण्णा तो आकडा आलेखाच्या कागदावर एका ठिपक्याने मांडतात, पेन्सिल कानामागे खोचतात, आणि त्यांचा त्या दिवसाचा उद्योग संपतो. एका ठिपक्यासाठी इतक्या थाटात बसणारा माणूस बघून मला आधी हसू यायचं. मग हळूहळू असं झालं की ठिपका पडल्याशिवाय मलाच ऑफिसला जाववेना.

हा ठिपका कशाचा, हे मला त्यांनी पहिल्याच महिन्यात समजावलं. फार दूर, आपण कल्पनेने चालत गेलो तरी वाटेत दमून बसू इतकं दूर, एका दीर्घिकेच्या पोटात प्रचंड कृष्णविवर आहे. त्यात पडता पडता वायू इतका तापतो की अख्ख्या दीर्घिकेपेक्षा जास्त झगझगतो. त्याला क्वेसार म्हणतात. तो एकसारखा जळत नाही, मधेच उजळतो, मधेच मंदावतो; रोजचा तो आकडा त्याच्या उजेडाचाच. आपण आणि तो यांच्या बरोबर मधे शेकडो दीर्घिकांचा एक पुंजका आहे, आणि त्या पुंजक्याच्या वजनामुळे क्वेसारचा उजेड वाकतो. कुठला या बाजूने वळून येतो, कुठला त्या बाजूने, म्हणून एकच क्वेसार आकाशात चार ठिकाणी दिसतो. माझा चेहरा कोराच आहे हे बघून अण्णा लग्नावर आले. "समज, एका लग्नात नवऱ्याची आत्या रुसली. चार पाहुणे ती बातमी घेऊन चार रस्त्यांनी तुझ्याकडं निघाले. एक आज पोचला, एक परवा, एक पुढच्या महिन्यात. आत्या रुसली एकदाच, पण तुला कळतं चारदा. आणि कोण किती उशिरा आलं त्यावरून मधल्या डोंगराचं वजन निघतं." तो डोंगर बहुतांशी दिसतच नाही म्हणे. नुसतं वजन आहे आणि दिसत काही नाही, असल्या द्रव्याचा. माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं आहे, त्यामुळे न दिसणाऱ्या गोष्टीने सगळं वाकडं होतं हे मला मात्र लगेच पटलं.

ही विद्या अण्णा सगळीकडे लावतात. गल्लीत कुणाबद्दल काही कानावर आलं की पहिला प्रश्न, "सरळ आली की वळून आली?" बातमी कुणाकुणाच्या घरावरून आली हे कळल्याशिवाय ते तिच्यावर मत देत नाहीत, आणि कळल्यावर बहुधा बातमीपेक्षा मधल्या घरांबद्दलच बोलत बसतात. माझ्या प्रवासावर तर त्यांचा फार जीव. मी आणि माझ्या एका मैत्रिणीने एकाच वेळी ऑफिसातून निघायचं, तिने उड्डाणरस्त्यावरून आणि मी खालून, आणि दोघींनी राजाजीनगरच्या सर्कलला पोचल्यावर अण्णांना वेळ कळवायची, असा प्रयोग त्यांनी तीन आठवडे चालवला. कोंडीत नक्की किती गाड्या अडकल्या असतील हे त्यावरून काढून त्यांनी तो आकडा चौकातल्या वाहतूक पोलिसाला नेऊन दाखवला. पोलिसाने आकडा वाचला, अण्णांना सावलीत बसवलं आणि नारळपाणी पाजलं. अण्णा घरी येऊन म्हणाले, "त्याला पटलं." अक्का म्हणाली, "त्याला ऊन लागलेलं वाटलं हो तुम्हाला."

पीण्या भागातून आलेल्या भिंगांची गोष्ट तर अख्ख्या गल्लीला पाठ आहे. मधला पुंजका उजेड कसा वाकवतो हे लोकांना दाखवायला अण्णांना एक खास आकाराचं भिंग हवं होतं, मधे उंच आणि कडेला निमुळतं होत गेलेलं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे भाग करणारा एक लेथवाला त्यांनी गाठला आणि ॲक्रिलिकच्या ठोकळ्यातून ते कातून मागितलं. तो म्हणाला, एक नग करत नाही, बारा घ्यावे लागतील. घरात बारा आले. त्यातलं एक शाळांतून फिरतं. बाकीच्यांवर कॉफीचे पेले ठेवले जातात, वहीची पानं दाबली जातात, एक चिंचेच्या बरणीवर झाकण म्हणून बरोबर बसलं आहे. भिंगातून दिव्याकडे पाहिलं की दिव्याचे दोन होतात, नीट मधोमध धरलं तर एक सुंदर प्रकाशाचं कडं होतं. ते कडं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी ऑफिसची बस गेली होती, आणि मला काही वाटलं नव्हतं.

आता अक्काबद्दल सांगायला हवं, कारण अण्णांचं सगळं तिथेच येऊन थांबतं. अक्का ब्लाउज शिवायची. सगळ्या राजाजीनगरात तिच्यासारखा खांदा बसवणारी दुसरी नव्हती. बेत, म्हणजे ब्लाउजचा नमुना, कापायच्या आधी ती तो ट्रेसिंग पेपरवर काढून घ्यायची, आणि जेवणाच्या खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीला लावून सकाळच्या उजेडात जुन्या मापाशी पडताळून बघायची. अण्णांचं अक्षर दिव्य, म्हणून त्यांचे आलेखही तीच ट्रेसिंग पेपरवर सुबक करून द्यायची. त्या काळी अण्णांकडे एक लाल वही होती आणि एक निळी. दोन क्वेसारांच्या दोन वह्या. आकाशात ते दोन ठिपके एकमेकांपासून इतके लांब होते की त्यांचा काही संबंध असेल असं अण्णांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. बरीच वर्षं त्यांनी दोन्ही वह्या इमानदारीने वेगवेगळ्या भरल्या, दोघांच्या स्वभावातला फरक यावर एक व्याख्यानही दिलं. मग एके सकाळी अक्काने लाल वहीचा कागद खिडकीला लावला, त्यावर निळ्याचा ठेवला, जरा डावीकडे सरकवला, जरा खाली घेतला, आणि हाक मारली, "अहो, हा त्याची नक्कल करतो की! दोन वर्षं उशिरा, पण तोच बेत. आधी खांदा, मग काखेच्या मुंड्याची खोली, मग बाहीचा फुगा." अण्णा तोंडातला घास तसाच ठेवून उठले. दोन वह्यांत एकच क्वेसार होता, एकच रुसलेली आत्या, दोन रस्त्यांनी आलेली.

त्यावर अण्णांचा शोधनिबंध छापून आला. पुंजक्याचं वजन, न दिसणारं द्रव्य, उरलेल्या दोन वाटांनी तोच उजेड कधी पोचेल याचं गणित, सगळं त्यात होतं. शेवटी आभारात एक ओळ होती, ट्रेसिंग पेपर पुरवल्याबद्दल पत्नीचे आभार. बस, एवढंच. अक्काने ती ओळ वाचली आणि जन्मभर पुरवून पुरवून वापरली. अण्णांनी भाजीला नावं ठेवली की, "मी काय हो, कागदवाली!" पाहुण्यांनी अण्णांचं कौतुक केलं की, "कागद चांगला होता हो." अण्णा हसायचे, पण कान लाल व्हायचे. मला ते कान दिसायचे. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, तिचं नाव का नाही घातलं? त्यांनी भिंग हातात फिरवत म्हटलं, "तेव्हा सुचलंच नाही गं. घरातलं माणूस. इतकं जवळ की दिसलंच नाही." मग थोड्या वेळाने, "तिसऱ्या वाटेनं आला की नवीन निबंध लिहायचा आहे. त्यात नीट करतो." गणिताप्रमाणे तिसरी वाट म्हणजे पहिल्यानंतर बारा वर्षं, दोन-तीन वर्षं इकडे किंवा तिकडे. अक्का म्हणायची, "तोवर मी कुठं जाते!"

मी आल्यावर दोन वर्षांनी अक्का गेली. फार दिवस आजारी नव्हती. मशीनवर माझाच एक ब्लाउज अर्धा राहिला होता, तो अजून तसाच आहे आणि मी तो कुणाला पुरा करू दिलेला नाही. त्यानंतर अण्णांनी घरातल्या सगळ्या खिडक्यांकडे दुर्लक्ष केलं, त्यांच्यावर धुळीचे थर चढले. फक्त पूर्वेची खिडकी ते दर रविवारी ओल्या वर्तमानपत्राने पुसत राहिले, अक्का पुसायची तशी. अक्काचा फोटो कपाटावर आहे. एकदा मी अचानक खाली गेले तर अण्णा भिंगातून त्या फोटोकडे बघत होते. मला पाहून घाईघाईने म्हणाले, "काच स्वच्छ आहे का बघतोय." भिंगातून फोटो बघितला की डावीकडे एक अक्का दिसते आणि उजवीकडे एक. मी नंतर गुपचूप बघितलं आहे.

तेव्हापासून अण्णांच्या आयुष्यात एकच प्रश्न उरला. तिसऱ्या वाटेने आलेखातला तोच उंचवटा येईल तेव्हा आपण असू का? तीन वर्षांपूर्वी आकाशातला तिसरा ठिपका एकदम उजळू लागला. अण्णांनी गल्लीत म्हैसूरपाक वाटला, चौकातल्या पोलिसालासुद्धा. पण खांदा चढला तो चढतच गेला, मुंडा काही आला नाही, आणि नंतर एका पंधरवड्यात सगळं भुईसपाट झालं. क्वेसार स्वतः उजळलाच नव्हता. मधल्या पुंजक्यातला कुठला तरी एक तारा वाटेत आडवा गेला आणि त्याने येणारा उजेड पदरचं घालून वाढवून दाखवला. "मधल्यांनी स्वतःचंच घातलं," अण्णा म्हणाले. दुसरी भीती सूर्याची. वर्षातले तीन महिने हा क्वेसार सूर्याच्या आड जातो, आणि तेव्हा कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही. त्या तीन महिन्यांत अण्णा सुतक असल्यासारखे वागतात, गोड खात नाहीत, दाढी आठवड्यातून एकदाच.

गेल्या वर्षी त्यांना कागद दिसेनासा झाला. ठिपके चौकट सोडून पडायला लागले, एक तर टेबलावर पडला. डॉक्टरीण बाईंनी मोतीबिंदू सांगितला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मधे काहीतरी आलंय. ते राहू दे की. त्याचं वजन काढतो." शस्त्रक्रियेला ते तयारच होईनात, का तर पट्टी असताना आकडा आला तर? शेवटी मी भांडले. आठ वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. सूर्याआड गेलेल्या तीन महिन्यांतच करून घ्या, एरवी उंचवटा आला तरी तुम्हाला तो दिसणार नाही, म्हटलं. मग कानडीतून होकार आला, "सरी. पण ठिपका तू मांडायचा. वाकडा चालणार नाही."

सूर्याच्या आडून क्वेसार बाहेर आला तेव्हा अण्णांचा दुसरा डोळा नुकताच झाला होता. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसले होते आणि कागदाला हात लावायची त्यांना बंदी होती. पहिला आकडा मी वाचला. तीन महिन्यांपूर्वीपेक्षा बराच वर होता. दुसरा जरा खाली. तिसरा आणखी खाली. "खांदा गेला," ते म्हणाले. "अय्यो, खांदा सूर्यामागं गेला. आता काय सिद्ध करणार?" पण आकडे येत राहिले. आठवड्यामागून आठवडा रेषा खाली उतरली, तळाशी हळूच वळली, आणि वर चढायला लागली. त्या दिवसांत मी ऑफिसात कुणाच्या चुका शोधल्या आणि कुणाच्या सोडल्या, देव जाणे. फुगा भरला आणि उतरला, तेव्हा एका रविवारी सकाळी अण्णांनी कपाटातून अक्काचा लाल वहीवरचा कागद काढायला सांगितला. पिवळा पडलेला, कडेला तिच्या खडूची पुसट निळी खूण.

मी तो आणि माझ्या ठिपक्यांचा कागद पूर्वेच्या खिडकीला लावले. डावीकडे सरकवला. खाली घेतला. "आणखी स्वल्प खाली," अण्णा न बघता म्हणाले. मी आणखी खाली घेतला, आणि रेषा बसली. माझा माझ्यावर विश्वास बसेना. मी काढून पुन्हा लावला, उलटसुलट केलं, मुद्दाम चुकीचा लावून बघितला, जे जे चुकू शकतं ते सगळं करून पाहिलं. मुंडा मुंड्यावर, बाही बाहीवर. माझ्या कागदावर खांद्याच्या जागी तीन महिन्यांची कोरी जागा होती, आणि तिथे आरपार अक्काचा खांदा दिसत होता. जो भाग आम्हा कुणालाच दिसला नाही, तो तिने बारा वर्षांपूर्वी काढून ठेवला होता. मी हे अण्णांना सांगायला गेले आणि मला रडू फुटलं. त्यांनी काळा चष्मा काढला, डॉक्टरीण बाईंनी सांगितलेलं सगळं धाब्यावर बसवून खिडकीपाशी आले, आणि कागदाला नाक लावून उभे राहिले. "हाच उजेड तिनं बघितला," एवढंच म्हणाले. "तेव्हा आपल्याकडं सरळ आला नाही. लांबून फिरून आलाय."

निबंध त्यांनी तोंडी सांगून माझ्याकडून लिहून घेतला. पहिलं नाव अक्काचं. दुसरं त्या विद्यार्थिनीचं. मी थांबले आणि विचारलं, तिसरं तुमचं ना? अण्णांनी मान हलवली. "नको. ठिपके तू मांडलेस, तुझं घाल." मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते कानामागची पेन्सिल काढत म्हणाले, "माझं नाव शेवटी, आभारात घाल. ट्रेसिंग पेपर पुरवल्याबद्दल." त्यांचे कान लाल झाले होते.

पाठवताना त्या फॉर्मने पहिल्या लेखिकेचा पत्ता मागितला. मी अण्णांकडे बघितलं. "हाच घाल की," ते म्हणाले, "राजाजीनगर." मी घातला. चौथी वाट अजून राहिली आहे. ती सगळ्यात लांबची, आणखी वीसेक वर्षं तरी लागतील असं गणित सांगतं, आणि त्याबद्दल अण्णा बोलत नाहीत. त्यांनी फक्त अक्काचा कागद दुमडून माझ्या हातात दिला, आणि गेल्या रविवारी खिडकी पुसायचं वर्तमानपत्रही मलाच दिलं. ऑफिसातले लोक अजून विचारतात, एवढ्या लांब का राहतेस. घर हवेशीर आहे, मी सांगते, आणि पूर्वेला एक खिडकी आहे.